बेटावर उशिरा पोचलेली बातमी

मी त्या बेटावर जवळजवळ तीन वर्षं शिकवत होते, आणि तेवढ्या काळात मला भेटायला एकच माणूस आलं. माझी मैत्रीण. तिच्यानंतर कुणी आलं नाही, मीही कुणाला या म्हटलं नाही.

बेट ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या उत्तरेला. छोट्या विमानाने अर्धा तासही लागत नाही, पण मध्ये समुद्र आहे आणि पावसाळ्यात तो समुद्र म्हणेल तेच होतं. गाव एकच. एक दुकान, एक क्लिनिक, एक शाळा, पोलिसांची एक बैठी इमारत. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. बाहेरचे आम्ही मूठभर, म्हणजे शिक्षक, नर्सेस, पोलीस, दुकानाचा मॅनेजर. मराठी बोलणारी मी एकटी. परमनंट रेसिडेन्सी लवकर मिळेल म्हणून गेले होते, ती मिळाल्यावरही राहिले. का राहिले ते नीट सांगता येत नाही. वर्गातल्या मुलांची सवय झाली होती, आणि दुसरीकडे कुठे जायचं ते काही ठरत नव्हतं.

मैत्रीण ब्रिस्बेनची. म्हणजे मूळची नाशिकची, पण आम्ही दोघी ब्रिस्बेनला युनिव्हर्सिटीत असताना एका खोलीत राहायचो. शनिवारी ती सुपरमार्केटात काम करायची, मी एका केअर होममध्ये, आणि रविवारी दोघी मिळून आठवड्याची भाजी शिजवून डबे फ्रीझ करायचो. पुढे ती आयटीत गेली, लग्न झालं, मुलगा झाला, स्प्रिंगफील्ड लेक्सला घर घेतलं. मी बेटावर आले. फोन मात्र कधी सुटला नाही. मला सासर नाही, बहीण नाही. काही झालं की पहिला फोन तिला.

जानेवारीत एकदा तिचाच फोन आला. "चार दिवस येऊ का गं तुझ्याकडे? एकटीच. मला झोपायचंय फक्त."

तिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. काकू बाथरूममध्ये पडल्या होत्या. नाशिकला भाऊ आणि वहिनी होते, ऑपरेशन नीट झालं होतं, आणि हिचं फेब्रुवारीअखेरचं भारताचं तिकीट काढून झालं होतं. त्याआधी ऑफिसातला एक प्रोजेक्ट संपवून ती पार गळून गेली होती. "भाऊ म्हणतोय आत्ता येऊन काय करशील, घरी आल्यावर ये, तेव्हा खरी गरज आहे," ती म्हणाली. मला ते पटलं. तिलाही पटलं होतं.

ती येणार म्हणून मी काय काय केलं ते आठवलं की आता कसंतरी होतं. जानेवारी म्हणजे तिथला पावसाळा, भिंतींना बुरशी येते, कपाटातल्या चपला हिरव्या होतात. मी पाहुण्यांच्या खोलीची प्रत्येक भिंत व्हिनेगरने पुसली. डार्विनहून बार्ज येते, म्हणजे सामानाची बोट, तिच्यावर फ्लॉवर, मटार, पनीर मागवलं. पुण्याहून आणलेलं मेतकूट मी अर्ध्या चमच्याने पुरवत होते, ते सगळं तिच्यासाठी बाजूला काढलं. शेजारच्या नर्सकडून चांगली उशी मागून आणली.

एअरस्ट्रिपवर मी खूप आधीच जाऊन उभी राहिले होते. नऊ माणसांचं विमान उतरलं, आणि पायलटच्या शेजारच्या सीटवरून ती उतरली, चेहरा पांढराफटक. "वजन केलं माझं!" हे तिचं पहिलं वाक्य. "सामानासकट काट्यावर उभं केलं, सगळ्यांसमोर!" मग आम्ही दोघी हसत सुटलो आणि हसताहसता ती माझ्या गळ्यात पडली. ती किती बारीक झाली होती ते मला तेव्हा हाताला कळलं.

पहिले दोन दिवस चांगले गेले, एवढं मला म्हणता येतं. ती झोपली. उठली की खायची, आणि परत झोपायची. अधूनमधून आम्ही किनाऱ्यावर जायचो. तिथलं पाणी बघितलं की कुणालाही आत शिरावंसं वाटतं, पण मगरी आहेत आणि पावसाळ्यात विषारी जेलीफिश, त्यामुळे कुणी पाय घालत नाही. "म्हणजे एवढा समुद्र नुसता बघायचा?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो, नुसता बघायचा.

माझ्या व्हरांड्याच्या जिन्यावर सिग्नल बरा यायचा. तिथे बसून तिने काकूंना व्हिडिओ कॉल केला. काकू हॉस्पिटलच्या कॉटवर, केस कुणीतरी दोन वेण्यांत बांधून दिलेले. त्यांनी मला विचारलं, "काय खायला घातलंस माझ्या पोरीला?" मी म्हटलं, फ्लॉवर-मटार. "तिला फ्लॉवर आवडत नाही, तुझ्या भिडेने खात असेल," काकू म्हणाल्या, आणि मैत्रीण ओरडली, "आई!" इतकी वर्षं एका खोलीत राहून मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की उत्तरेला कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. दर पावसाळ्यात असे दोन-तीन होतात आणि बहुतेक बाजूने निघून जातात. मी तिला तसं सांगितलंही. सकाळी सायक्लोनचा इशारा लागला आणि विमानं बंद झाली. तिचं परतीचं विमान त्याच्या पुढच्या दिवशीचं होतं. "एखादा दिवस इकडेतिकडे होईल," मी म्हटलं. ती नवऱ्याला फोन करून मुलाच्या डब्याचं सांगत बसली. मुलगा मागून इंग्रजीत विचारत होता, वादळ आलं तर मम्मा उडून जाईल का?

दुपारी भावाचा फोन आला. काकूंना अचानक दम लागला होता. पायातली गुठळी फुप्फुसात गेली असं डॉक्टर म्हणत होते. आयसीयूत हलवलं होतं.

ती फोन ठेवून उभी राहिली आणि खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. मी दारात उभी होते. मला माहीत होतं की विमान नाही, आणि ते तिलाही माहीत होतं. बॅगेची चेन लावून ती म्हणाली, "चल."

आम्ही एअरस्ट्रिपवर गेलो. तिथलं ऑफिस सांभाळणारा माणूस खिडक्यांना आतून टेप लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातलं काम थांबवून डार्विनला फोन लावला, आमच्यासमोर. चार्टर विमानवाल्यांनाही विचारलं. कुणी उडायला तयार नव्हतं. "त्यांचीही विमानं आता बांधून ठेवलीत," तो म्हणाला. "सॉरी."

"बोट?" तिने विचारलं.

बार्ज आडोशाला गेली होती. मग ती मला घेऊन धक्क्यावर गेली. दोन माणसं ट्रॅक्टरने त्यांची छोटी बोट पाण्याबाहेर ओढत होती. मी त्यांच्यातल्या एकाच्या मुलाला शिकवायचे. ती त्याला म्हणाली, कितीही पैसे देते. तो तिच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "मिस, तिला घरी घेऊन जा." समुद्र तोवर करडा झाला होता. फार लाटा नव्हत्या, आणि तेच वाईट होतं, कारण ती पुन्हापुन्हा म्हणत होती, "अगं, शांत आहे की पाणी. शांत आहे."

अंधार पडायच्या आत सगळ्या गावाला शाळेत यायला सांगितलं. शाळेची इमारत पक्की, तेच गावाचं शेल्टर. आणि मी शाळेतली, म्हणजे गाद्या वाटणं, म्हाताऱ्यांना बसवणं, कुणाची औषधं राहिलीत ते बघणं, हे सगळं आम्हा शिक्षकांवर. मी तिला लायब्ररीच्या कोपऱ्यात एक गादी दिली आणि म्हटलं, आलेच. पण मी काही येऊ शकले नाही. जेव्हा जेव्हा मान वळवून बघितलं तेव्हा ती खिडकीशी उभी होती, फोन काचेला लावून. शेवटचा मेसेज भावाचा होता, 'व्हेंटिलेटर लावलाय. प्रार्थना कर.' त्यानंतर टॉवर गेला.

वादळ रात्री आलं आणि दुसरा सगळा दिवस राहिलं. त्याचा आवाज मला सांगता येणार नाही. पत्र्याखाली दीडशेएक माणसं, मुलं, चोरून आत आणलेली कुत्री, आणि बाहेर काहीतरी सतत फाटत असल्यासारखं. मुलं घाबरून थकली आणि मग त्यांना त्याचीही सवय झाली, ती पत्ते खेळायला लागली. माझ्या वर्गात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एक बाई होत्या, गावातल्याच, साठीच्या पुढच्या. त्या लायब्ररीत जाऊन तिच्या गादीशेजारी बसल्या. "तिकडे कोण आहे तुझं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आई." त्यांनी चहा आणून दिला, तो गार झाला, तरी तिथेच बसून राहिल्या.

पोलिसांकडे सॅटेलाइट फोन असतो हे मला माहीत होतं. त्या दुपारी मी सार्जंटला विचारलं. तोही शाळेतच होता, भिजलेला, डोळे लाल. "फोन स्टेशनमध्ये आहे," तो म्हणाला. "आणि आत्ता या दारातून मी कुणालाही बाहेर सोडणार नाही. मी स्वतःही जाणार नाही. उद्या." मी जाऊन तिला सांगितलं, उद्या. तिने मान हलवली. "उद्यापर्यंत काही होणार नाही," ती म्हणाली. "व्हेंटिलेटर आहे ना."

सकाळी वारा पडला होता. आम्ही स्टेशनकडे चालत निघालो. रस्ताभर झाडं आडवी, आंब्याच्या फांद्या, कुणाच्या घराचा पत्रा. तिच्या पायात माझे बूट होते, तिला मोठे होत होते. सार्जंटने फोन जोडून दिला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

नाशिकला अजून उजाडलेलंही नव्हतं, पण भावाने पहिल्या रिंगला उचलला. त्या फोनवर आपला आवाज जाऊन तिकडचा यायला वेळ लागतो, त्यामुळे दोघंही एकदम बोलत होते आणि दोघंही एकदम थांबत होते. स्पीकर मोठा होता. मला सगळं ऐकू येत होतं.

"कशी आहे?" ती म्हणाली.

"कुठे होतीस तू?" तिकडून आलं. मग, "गेली गं. परवा रात्रीच गेली."

तो पुढे बोलतच होता. "आम्ही थांबलो. काल दिवसभर तुझा फोन लावत होतो. भाऊजीही तिकडून लावत होते. मामा म्हणाले अजून किती वेळ ठेवायचं. संध्याकाळी केलं सगळं."

"बरं," ती म्हणाली.

"आम्ही थांबलो होतो गं."

"हो. हो. बरं केलंत." मग तिने विचारलं, "साडी कोणती नेसवली?"

मला वाटलं लाईन गेली. मग तो म्हणाला, "मला नाही माहीत. हिने काढली. हिरवी होती बहुतेक. विचारू का?"

"नको, झोपू दे तिला," ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला. मला तो बंद कसा करायचा ते कळेना. तिकडे तो हॅलो हॅलो करत होता.

घरी वीज नव्हती. पंखे बंद, आणि वादळानंतरचा तो उकाडा. मी बादलीत पावसाचं पाणी भरून तिच्यासाठी ठेवलं, म्हटलं, डोक्यावरून घे. तिने घेतलं. मग ओल्या केसांनी पाहुण्यांच्या खोलीत जमिनीवर बसली. पलंगावर बसली नाही. फ्रीझरमधलं सगळं विरघळत होतं, तिच्यासाठी आणलेलं पनीर, मटार. टाकवेना म्हणून मी गॅसवर शिजवत होते. सुतकाच्या घरात काय करतात, काय नाही, मला काही आठवत नव्हतं, आणि विचारायला फोन नव्हता. शेवटी नुसता भात केला. ती एक घास खाऊन म्हणाली, "तू म्हणाली होतीस बाजूने निघून जातं."

"हो."

"मी नाशिकला जायला हवं होतं. त्याच आठवड्यात. मी इथे समुद्र बघत बसले होते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण तिची पाठ लाकडासारखी होती. ती रडत नव्हती. अजून एकदाही रडली नव्हती.

दुपारी माझ्या वर्गातल्या त्या बाई आल्या, त्यांच्या दोन बहिणींना घेऊन. त्यांचीही घरं गळत होती, एकीचं छप्पर अर्धं उडालं होतं, तरी आल्या. सार्जंटकडून त्यांना कळलं होतं. त्या बेटावर कुणी वारलं की माणसं येऊन बसतात आणि मोठ्याने रडतात, सगळ्यांनी मिळून, गळे काढून. मी तिथे असताना ते अनेकदा ऐकलं होतं. त्या तिघी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. बाईंनी तिचं डोकं स्वतःकडे ओढून घेतलं आणि त्या रडायला लागल्या. मग बहिणी. ते रडणं खरं होतं. बाईंचे स्वतःचे दोन मुलगे गेलेले होते.

मैत्रीण त्यांच्या हातांत ताठ बसून होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "यांना जायला सांग."

"अगं, त्या तुझ्यासाठी..."

"माझी आई आहे ती. यांनी पाहिलीय का तिला? मी नाही रडले अजून, आणि या रडतायत. जायला सांग त्यांना. प्लीज."

मला कुणाचं मन मोडायचं ते ठरवावं लागलं, आणि मी तिचं ऐकलं. बाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, तिला जरा एकटीला राहायचंय. त्या लगेच थांबल्या. तोंड पुसलं. तिघी उठल्या, चपला घातल्या. जाताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकटं राहायचं, हे त्यांना कळण्यासारखं कारण नव्हतं. त्यांच्याकडे अशा वेळी एकटं कुणाला सोडतच नाहीत.

एअरस्ट्रिप मोकळी व्हायला आणखी दीड दिवस गेला. त्या काळात तिने माझ्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक भांडं घासलं. घासलेलं परत घासलं. मी थांबवलं नाही. विमान आलं तेव्हा ऑफिसवाल्याने तिला काट्यावर उभं न करताच आत बसवलं. दारात ती वळली, माझा हात धरला आणि म्हणाली, "तू खूप केलंस." इतकं परक्यासारखं की त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

नवऱ्याने ब्रिस्बेनहून पाठवलेला पासपोर्ट डार्विनला हातात पडल्यावर सिंगापूर, तिथून मुंबई, मग गाडीने नाशिक, अशी ती दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचली. हे मला तिच्या नवऱ्याने कळवलं. मी रोज मेसेज टाकत होते. ती वाचायची, उत्तर द्यायची नाही. काही आठवड्यांनी एक अंगठा आला, मग एकदा 'ठीक आहे'. मी फोन करत राहिले. असा मार्च गेला, एप्रिल गेला.

शाळा उघडल्यावर माझ्या मदतनीस बाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. फळा पुसू का, पुस्तकं वाटू का. मी एकदा माफी मागायचा प्रयत्न केला तर त्या म्हणाल्या, "ठीक आहे, ठीक आहे," आणि मुलांकडे वळल्या. बऱ्याच दिवसांनी, मुलं सुटल्यावर खुर्च्या उचलताना त्यांनी विचारलं, "ती तुझी मैत्रीण. रडली का मग?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली. त्यानंतर आमचं बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं, पण माझ्या घरी त्या पुन्हा आल्या नाहीत.

मैत्रिणीने फोन उचलला तो मे महिन्यात. आवाज नेहमीसारखा होता. ऑफिस, मुलाचं पोहणं, सगळं सांगितलं. मग म्हणाली,

"तुला सांगू का? तुझा काही दोष नाही, मला माहितीय. शंभरदा स्वतःला सांगते. पण तुझा आवाज ऐकला की मी परत त्या खोलीत उभी असते, तो जाडा फोन घेऊन. मला अजून नाही जमत."

"मग मी नको करू का फोन?"

"थोडे दिवस नको करूस."

मी केला नाही. ते थोडे दिवस किती हे तिने सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. वर्ष संपलं तेव्हा मी बेट सोडलं आणि डार्विनच्या एका शाळेत नोकरी घेतली.

मागच्या वर्षी ब्रिस्बेनला आमच्या एका जुन्या मैत्रिणीकडे गणपतीला गेले होते. ती तिथे असणार हे मला माहीत होतं, तिलाही मी येणार हे माहीत असावं. स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकदम शिरलो. ती मोदकांचं ताट घेऊन, मी पाण्याचा जग. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं तिच्या.

"अजून तिथेच आहेस?" तिने विचारलं.

"नाही. डार्विनला."

"बरं झालं."

तिचा मुलगा आत आला. उंच झालाय. ती म्हणाली, "मावशीला नमस्कार कर." त्याने "हाय" म्हटलं आणि फ्रिजमधून ज्यूस काढून गेला. आम्ही दोघीही त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिनेही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाहेर आरती सुरू झाली, टाळ्या वाजायला लागल्या, आणि ती ताट उचलून बाहेर गेली. मी जग भरला आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले.